सुकाणूतील ढिलेपणा

जुन्या मोटारगाडीच्या सुकाणूत ढिलेपणा आला आहे, हे ती रोज चालविणाऱ्याला बहुधा सर्वांत शेवटी कळते. हा दोष एका दिवसात उत्पन्न होत नाही, हे त्याचे कारण. सांध्यांची झीज महिन्यामहिन्याने वाढत जाते आणि चालकाचे हात तितक्याच सावकाश तिच्याशी जुळवून घेतात. सरळ रस्त्यावरही तो सुकाणूचक्र सतत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे करीत राहतो आणि आपण असे करीत आहोत याचे त्याला भानही नसते. मग एखाद्या दिवशी त्याचा मुलगा किंवा मित्र ती गाडी चालवावयास घेतो आणि पहिल्याच वळणावर दचकून विचारतो, "हे असेच फिरते का?"

चक्र फिरविले, परंतु चाके वळली नाहीत, असा जो चक्राच्या फिरण्यातला वाया जाणारा भाग, त्याला येथे आपण मोकळी चाल म्हणू. कारागीर तिला 'प्ले' म्हणतात. अगदी नव्या गाडीतही ती थोडी असतेच. तेलाचा पातळ थर राहण्यापुरती जागा दोन धातूंच्या मध्ये ठेवावीच लागते. म्हणून पहिला प्रश्न 'मोकळी चाल आहे की नाही' हा नसून 'ती किती आहे, आणि कोठे आहे' हा आहे. त्यातही 'कोठे' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. कारण बहुतेक चुकीच्या दुरुस्त्या त्याचे उत्तर न शोधताच केलेल्या असतात.

मोजमाप

ते करण्यास खडूचा तुकडा आणि शिंप्याची फीत पुरते. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, पुढची चाके सरळ ठेवावीत, इंजिन बंद असावे. एका माणसाने बाहेर उभे राहून पुढच्या चाकाकडे पाहावे. दुसऱ्याने चक्र हलक्या हाताने डावीकडे फिरवीत न्यावे आणि चाक हलू लागताच बाहेरच्याने थांबण्यास सांगावे. तेथे चक्राच्या कडेवर, डॅशबोर्डवरील एखाद्या स्थिर खुणेसमोर, खडूची रेघ ओढावी. मग उजवीकडे फिरवून तसेच करावे. दोन रेघांमधील अंतर कडेवरून फितीने मोजले की मोकळी चाल मिळाली.

चक्राचा व्यास ४० सेंटीमीटर धरला तर त्याचा परिघ सुमारे १२६ सेंटीमीटर होतो. बॉक्स असलेल्या जुन्या गाडीत हे अंतर दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत असेल, तर चिंतेचे कारण नाही. कोनात सांगावयाचे तर ते सुमारे सात अंश होते. भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९८ हा सुकाणूविषयी आहे. त्यानुसार चक्रावरील मोकळी चाल ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, सर्व बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट किंवा पिना सुटू नयेत असा पक्का बंदोबस्त असला पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची झाली की ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि त्या वेळच्या तपासणीत या नियमाची गाठ पडते. परंतु ३० अंश ही कायद्याने सांगितलेली अखेरची सीमा आहे, निरोगी गाडीचे लक्षण नव्हे. आपल्या ४० सेंटीमीटरच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेवर साडेदहा सेंटीमीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. अकस्मात काही आडवे आले आणि ही रिकामी फिरत ओलांडण्यात चालकाचा अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्या वेळात गाडी आठ मीटरहून अधिक अंतर सुकाणूविना गेलेली असते.

हालचालीचा मार्ग

दोष शोधावयाचा तर चक्रापासून चाकापर्यंत हालचाल कोणत्या मार्गाने जाते हे ठाऊक हवे. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट, जिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले आणि जी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, तिचे उदाहरण घेऊ. तिच्या चक्राचा दांडा खाली एका पेटीत शिरतो. हा स्टिअरिंग बॉक्स होय. आत दांड्याच्या टोकाशी मळसूत्रासारखे आटे असतात. त्या भागाला वर्म म्हणतात. वर्मच्या आट्यांत एक रोलर बसलेला असतो. चक्र फिरले की वर्म फिरतो, रोलर बाजूला सरकतो आणि बॉक्सबाहेर लोंबणारा ड्रॉप आर्म झुलतो. गाडीच्या दुसऱ्या बाजूस त्याचा जोडीदार आयडलर आर्म असतो. त्याला स्वतःची शक्ती नसते. तो केवळ सोबत झुलतो. या दोहोंना एक मधला दांडा जोडतो आणि तेथून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. प्रत्येक जोडणीच्या जागी एकेक बॉल जॉइंट असतो, म्हणजे वाटीत फिरणारी गोळी.

ॲम्बॅसडरची रचना याहून साधी आहे. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या या गाडीत बॉक्स नाही. चक्राच्या दांड्याच्या टोकाला दातेरी पिनियन आणि त्याखाली आडवा दातेरी दंड, म्हणजे रॅक, अशी तिची मांडणी आहे. सांधे कमी, म्हणून झिजण्याच्या जागाही कमी. उलट जुन्या महिंद्र जीपमध्ये बॉक्सपासून निघालेला दांडा प्रथम पुढच्या आडव्या तुळईवरील बेल क्रँक नावाच्या कोनाकृती तरफेला येऊन मिळतो आणि तेथून हालचाल दोन्ही चाकांना वाटली जाते. या तरफेची पिन आणि बेअरिंग झिजली की जीपचे चक्र अक्षरशः डोलू लागते, आणि मालक मात्र बॉक्सलाच दोष देत बसतो.

पद्मिनीच्या रचनेत ड्रॉप आर्मपासून पलीकडच्या चाकापर्यंत जाताना हालचालीला चार बॉल जॉइंट आणि आयडलर आर्मचे बुश एवढी स्थाने ओलांडावी लागतात. समजा, चार जॉइंटांपैकी प्रत्येकात केवळ अर्धा मिलिमीटर झीज आहे. ती हाताला जेमतेम जाणवेल, डोळ्यांना दिसणारही नाही. चौघांची मिळून दोन मिलिमीटर झाली. ड्रॉप आर्म १५ सेंटीमीटर लांबीचा मानला, तर त्याच्या टोकाशी दोन मिलिमीटर म्हणजे सुमारे पाऊण अंश. चक्र आणि ड्रॉप आर्म यांच्या फिरण्याचे प्रमाण १६ ला १ धरले, तर चक्रावर त्याचे बारा अंश होतात आणि कडेवर सव्वाचार सेंटीमीटर भरतात. एकही सांधा मोडलेला नाही, एकही वस्तू 'खराब' म्हणून बोट दाखविता येत नाही, आणि तरीही चक्र चार बोटे रिकामे फिरते. म्हणूनच या दोषाचा शोध घेताना एकच अपराधी असेल असे गृहीत धरू नये.

शोध

प्रथम जे दोष सुकाणूचे नसून सुकाणूचे भासतात ते वगळावेत. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी रस्त्यावर भटकते. पद्मिनीला ५.२०-१४ आणि ॲम्बॅसडरला ५.९०-१५ या मापाचे जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय टायर येत असत. आज ते सहज मिळत नाहीत. म्हणून एका बाजूस रेडियल आणि दुसऱ्या बाजूस जुना टायर अशी जोडी घातलेल्या गाड्या आढळतात. अशी गाडी सरळ जाणार नाही आणि कोणताही कारागीर तिला सरळ नेऊ शकणार नाही. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचे रबरी बुश फाटले असतील तर मागचा आस किंचित तिरपा होतो व गाडी मागूनच वळू पाहते. हे सारे पाहून झाल्यावर पुढे जावे.

मुख्य तपासणी गाडी जमिनीवर उभी असतानाच करावयाची आहे, कारण सांध्यांवर नेहमीचा भार असतानाच त्यांची झीज खरी बोलते. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना लाकडी पाचरी लावाव्यात. साहाय्यकाने आत बसून चक्र थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे एकसारखे हलवीत राहावे. पूर्ण फिरवू नये; मोकळी चाल संपून प्रतिकार लागेल तेवढेच. आपण बॉनेट उघडून आणि मग गाडीखाली वाकून हालचालीचा माग काढावा. सुरुवात वरून करावी. चक्राच्या दांड्याची जोडणी ढिली आहे काय? बॉक्स ज्या बोल्टांनी सांगाड्याला आवळलेला असतो ते सैल होऊन सबंध बॉक्सच हलतो आहे काय? ही बाब वाटते तितकी दुर्मीळ नाही. कधी बोल्ट घट्ट असतात, परंतु ज्या पत्र्याला ते आवळले आहेत त्यालाच तडा गेलेला असतो. तेथे चिखल खरवडून नीट पाहावे. ॲम्बॅसडरमध्ये त्याच जागी रॅक धरून ठेवणाऱ्या पकडी पाहाव्यात.

त्यानंतर प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत, अशी की अर्धे बोट एका भागावर आणि अर्धे दुसऱ्या भागावर राहील. दोन्ही भाग एकाच वेळी हलले तर सांधा चांगला आहे. एक हलून क्षणभराने दुसरा हलला, किंवा बोटाला 'टक्' असा बारीक धक्का जाणवला, तर झीज तेथे आहे. या कामी कान आणि डोळे यांच्यापेक्षा बोट अधिक विश्वासू ठरते. प्रत्येक ढिल्या सांध्यावर खडूने फुली करावी आणि शेवटापर्यंत जावे. पहिली फुली पडताच थांबू नये. ॲम्बॅसडरमध्ये आतील बॉल जॉइंट रबरी भात्यात झाकलेले असतात. ते भाता चिमटीत दाबून तपासावे लागतात.

आता जॅक लावून पुढचे एकेक चाक उचलावे. गाडी लोखंडी स्टँडवर टेकविल्याखेरीज तिच्याखाली डोके घालू नये. केवळ जॅकवर उभी असलेली गाडी ही आधारावर नव्हे, योगायोगावर उभी असते. स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येत असेल, तर स्टँड त्या आर्मखालीच द्यावा, म्हणजे सांधे मोकळे होतात. चाक वर आणि खाली धरून हलवावे. ते हलले तर साहाय्यकास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच हालणे थांबले तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबले तर किंग पिन, तिचे बुश किंवा बॉल जॉइंट यांचा. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवावे. येथे हालचाल दिसली तर ती बहुधा टाय रॉडच्या टोकांची असते. बेअरिंगचा दोष हा सर्वांत स्वस्त दोष. नट आवळून पुन्हा योग्य तेवढा सैल करणे आणि नवी स्प्लिट पिन घालणे, एवढ्यावर पुष्कळदा भागते. किंग पिनचे बुश मात्र बसवून नंतर रीमरने मापात आणावे लागतात. ते काम घरी होण्यासारखे नाही.

बॉक्सवरील स्क्रू

बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू आणि त्यावर एक लॉकनट असतो. स्क्रू आवळला की रोलर वर्मच्या अधिक जवळ येतो आणि मोकळी चाल तत्काळ कमी होते. पाच मिनिटांचे काम, एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर. म्हणूनच रस्त्याकडेच्या दुरुस्तीत हात प्रथम तेथे जातो. प्रस्तुत लेखकाच्या पद्मिनीवरही एकदा हाच उपचार झाला. दोन दिवस चक्र इतके सुरेख वाटले की कारागिराचे कौतुक करावे. तिसऱ्या दिवशी ध्यानात आले की वळण संपल्यावर चक्र आपण होऊन सरळ येत नाही, ते हाताने परतवावे लागते. गाडी दुसऱ्या एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्याने स्क्रूकडे पाहिलेही नाही. तो सरळ खाली वाकला, आणि डाव्या टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची रबरी टोपी फाटलेली व आतील गोळी वाटीच्या ओठापर्यंत आलेली त्याने दाखविली. ती सुटली असती तर डावे चाक कोणाच्याही ताब्यात राहिले नसते. पहिल्या दुरुस्तीने दोष घालविला नव्हता. त्याची सूचना देणारे लक्षण तेवढे झाकले होते.

या स्क्रूसंबंधी आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वर्म आणि रोलर यांची जुळणी मध्यावर, म्हणजे चाके सरळ असताना, सर्वांत घट्ट ठेवलेली असते. दोन्ही टोकांकडे ती थोडी सैल होत जाते. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळच चालते, म्हणून झीज होते ती मध्यावर. झिजलेला मध्य घट्ट होईपर्यंत स्क्रू आवळला की न झिजलेल्या बाजूंना रोलर रुतू लागतो. अशा सुकाणूने घाटात वळण घेणे हे ढिल्या सुकाणूने घेण्यापेक्षा अधिक धोक्याचे. यासाठी स्क्रूला हात लावावयाचा तो इतर सर्व सांधे दुरुस्त झाल्यावर, सर्वांत शेवटी. पुढची चाके उचललेली असावीत; शक्य तर ड्रॉप आर्मचा सांधा सोडवून बॉक्स एकटा करावा. प्रथम वर्मच्या दांड्याला लांबीच्या दिशेने हालचाल आहे काय ते पाहावे. असल्यास ती झाकणाखालील शिम काढून घालवावी लागते, स्क्रूने ती जात नाही. त्यानंतर लॉकनट सैल करून स्क्रू एका वेळी अष्टमांश फेराच आवळावा आणि प्रत्येक वेळी चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कोठेही जडपणा जाणवला तर तेवढेच मागे यावे. मध्यावर थोडी चाल उरली तर ती उरू द्यावी. फारच उरत असेल तर वर्म आणि रोलर बदलण्याची वेळ आली आहे.

बॉक्समध्ये तेल किती आहे हेही याच वेळी पाहावे. पद्मिनीच्या बॉक्सला ९० क्रमांकाचे गिअर तेल लागते. ऑइल सील गळू लागले की पुष्कळ ठिकाणी तेलाऐवजी ग्रीस भरण्याची प्रथा आहे. गळती थांबते खरी, परंतु वर्म ग्रीसमधून एकदा आपली वाट कापून घेतो, आणि मग ग्रीस बाजूला साठून राहते व आटे कोरडे फिरतात. सील नवे घालावे, तेल भरावे. ॲम्बॅसडरच्या रॅकला असा स्क्रू नसतो. रॅकला पिनियनवर दाबून धरणाऱ्या तुकड्याखालील शिम कमी करून तेथे जुळणी साधतात, आणि अतिरेकाचा परिणाम तेथेही तोच.

सांधे बदलणे

झिजलेला बॉल जॉइंट बदलावयाचा असतो; दुरुस्त करावयाचा नसतो. वाटीचे ओठ ठोकून तो घट्ट करणे ही बचत नव्हे. सुकाणूचा कोणताही दांडा तापवून सरळ करू नये, त्यावर वेल्डिंग तर मुळीच करू नये. जुना सांधा काढताना स्प्लिट पिन काढून नट सैल करावा. पुलर नसेल तर ज्या डोळ्यात पिन बसली आहे त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोड्यांचे एकाच वेळी घाव घालावेत, म्हणजे निमुळती पिन सुटते. पिनेच्या आट्यांवर घाव घालून काहीही साधत नाही. आटे मात्र बिघडतात. टाय रॉडवरून टोक फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवावे, आणि नवे टोक तितकेच फेरे आत घालावे. अनेक गाड्यांत दांड्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे विसरून जोर लावू नये. बसविताना प्रत्येक नटाला नवी स्प्लिट पिन घालावी; जुनी पिन सरळ करून पुन्हा वाकविली की ती तेथेच तुटते. रबरी टोपी धड हवी. पावसाळ्यातील चिखल एकदा आत गेला की नवा सांधाही टिकत नाही.

सांधे बदलल्यावर पुढच्या चाकांचा आतला कल, ज्याला टो-इन म्हणतात, तपासणे अपरिहार्य आहे. अलाइनमेंटच्या यंत्रावर तो नेमका मिळतो. तोवर गाडी तेथपर्यंत नेण्यापुरता अंदाज घरी घेता येतो. दोन्ही टायरांवर मधोमध, आसाच्या उंचीवर, पुढच्या बाजूस खडूची खूण करून अंतर मोजावे. मग गाडी हाताने ढकलून खुणा मागच्या बाजूस त्याच उंचीवर येतील इतकी सरकवावी आणि पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी असावे. नेमका आकडा त्या गाडीच्या निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा.

शेवटी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगाने, गाडी चालवून पाहावी. वळणानंतर चक्र आपण होऊन सरळ येते की नाही, हे सर्वप्रथम पाहावे. खडबडीत जागी चक्राला झटके बसू नयेत. घरी परत आल्यावर पुन्हा दोन रेघा ओढून मोकळी चाल मोजावी आणि तो आकडा तारीख व किलोमीटर यांसह गाडीच्या वहीत नोंदवावा. साधारण पाचशे किलोमीटर झाल्यावर बॉक्सचे बोल्ट व लॉकनट एकदा पान्याने तपासून घ्यावेत, कारण नव्याने आवळलेल्या वस्तू प्रथम थोड्या बसतात; त्यानंतर दर सहा महिन्यांनी खडू आणि फीत.